जिन्यातले गफूरभाई

ये गो, अशी जवळ सरक, बरी भेटलीस इथं. किती महिने झाले महाडला फिरकली नाहीस? गेलीस ती तिकडचीच झालीस! आणि येशील तेव्हा एक लक्षात ठेव, आमच्या जिन्यात चपला काढू नकोस. काढल्यास तर थेट गच्चीवर, गफूरभाईंच्या ताब्यात.

गफूरभाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सगळी उमर कुवेतला आग विझवायच्या गाडीवर गेली. भाभी आधीच वारलेल्या, मुलगी दुबईला. जिन्यात काही ठेवलेलं दिसलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि तेवढी एकच आग त्यांना विझवता येत नाही. सायकल, कुंड्या, कांद्याची गोणी, सावंतांचं गणपतीचं मखर, सगळं उचलून गच्चीवर. परत हवं असेल तर त्यांच्यापुढं उभं राहून फायरचा सिलिंडर कसा चालवायचा ते म्हणून दाखवायचं: "पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी, दांडा दाबायचा, झाडू मारल्यागत फिरवायचं." मला इतकं पाठ झालंय, की परवा देवापुढं शुभंकरोति म्हणताना मध्येच "दांडा दाबायचा" आलं.

राम राम नाही, सलाम नाही. माणूस दिसला की, "वाट मोकळी हाय ना?"

एका दसऱ्याला सावंतवहिनींनी जिन्यातल्या सिलिंडरची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, आणि तो हार पिनेत चांगली गाठ मारून! गफूरभाई बघतच राहिले. "वहिनी, पूजा करा, माझी ना नाय. पन आग लागली तर आधी निर्माल्य काढायचा काय?"

"सणासुदीला कशाला लागतेय आग?" वहिनी म्हणाल्या.

मग यंदा नगरपालिकेची नोटीस आली. सरकारी नियमाप्रमाणं इमारतीत आगीची सगळी साधनं चालू पाहिजेत, सगळ्यांनी खाली उतरायचा सराव साहेबांना करून दाखवायचा. नाही तर पाणी तोडू, वीज तोडू. पाणी म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले.

सावंत आमचे चेअरमन. म्हणाले, "त्यात काय! आमच्या साडूच्या लग्नाच्या हॉलमधले सिलिंडर एका दिवसापुरते आणू रिक्षानं. तपासणी आली की सगळेच नेतात."

"तोच साहेब, तेच सिलिंडर," गफूरभाई म्हणाले. "आता एकमेकांची खुशाली विचारत असतील!"

मग काय, सगळं त्यांच्याच गळ्यात घातलं. त्यांनी सिलिंडर भरून आणले, वायरी बदलून घेतल्या आणि सरावाची रंगीत तालीम ठेवली. त्यांनी वरून स्टीलची परात बडवली की सगळ्यांनी खाली पटांगणात जमायचं. मग प्रत्येक घरातल्या एकानं आपल्या घरच्यांची नावं मोठ्यानं घ्यायची, म्हणजे वर कोण अडकलंय ते कळतं.

परात वाजली. सावंतवहिनी कुकरची एक शिट्टी राहिली म्हणून परत वर गेल्या. कदमकाकू आल्या त्या जरीची साडी नेसून, सगळ्यांच्या शेवटी.

"काकू, खरी आग असती म्हंजे?" सावंतांनी विचारलं.

"म्हंजे काय गाऊनवर उभी राहू चारचौघांत?"

शेवटी नावं घेऊन झाली. सावंत सगळे, कदम सगळे, आम्ही सगळे. टाळ्या पडल्या. मी चहा आणला, तर एक कप ट्रेमध्ये तसाच. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

वर गेले. दार सताड उघडं. गफूरभाई डोक्यावर कुवेतचं पिवळं हेल्मेट घालून खुर्चीत बसलेले, परात मांडीवर.

"अहो, खाली चला ना! मोजणी झाली."

"झाली? सगळी आली?"

मी चहाचा कप पुढं केला.

तेच हसले. "तुमची चूक नाय, वहिनी. नियम मीच शिकवला, घरच्यांनी घरच्यांचं नाव घ्यायचं. माझ्या घरात माझं नाव घ्यायला कोन हाय?" आणि परात पुसत बसले. ती स्वच्छच होती गो.

साहेब आले त्या दिवशी सगळं बिनचूक झालं. कदमकाकूसुद्धा गाऊनवर आल्या, वरून शाल. गफूरभाई परात घेऊन साहेबांशेजारी उभे होते. साहेब म्हणाले, "घ्या नावं."

मी आमच्या घरची नावं घेतली आणि शेवटी म्हटलं, "गफूरभाई." मी आधी कुणाशी बोलले नव्हते गो. पण सावंतांनी आपली नावं घेतली आणि खाकरून म्हणाले, "गफूरभाई." कदमकाकू तर सुरुवातच तिथून करून बसल्या.

साहेब गोंधळले. "अहो, या इमारतीत गफूरभाई आहेत तरी किती?"

"एकच हाय, साहेब," काकू म्हणाल्या, "पन सगळ्यांच्या घरचा हाय."

गफूरभाईंनी हेल्मेट काढलं, आत बघितलं, परत घातलं. काय शोधत होते कोण जाणे. पाणी वाचलं, वीज वाचली.

आता तू कधी येतेस, बोल. परवाच विचारत होते, "वहिनी, तुमची ती पाहुनी कधी येनार?" त्यांच्याकडं कुणी येत नाही गो, म्हणून आमच्याकडचं माणूस ते आपलंच धरतात, शेवया करून ठेवतात. लवकर ये. एक दिवस माझ्याकडं जेव, एक दिवस त्यांच्याकडं.