दामलेकाका आणि बोलणारे डबे

दामलेकाका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले आणि खुर्चीवर बसायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन माझ्या निळ्या प्लास्टिकच्या डब्यात नाक घालून उभे राहिले. मी नवी नवरी, यांची बँकेने कलकत्त्याला बदली केलेली. समोरच्या बिऱ्हाडात मराठी माणसं निघाली म्हणून मला कोण आनंद झाला होता! तो तिथेच निम्मा झाला.

"यात काय ठेवतेस, सूनबाई?"

"लोणचं."

"लोणचं! अगं, तेल, मीठ आणि आंबट. तिघं मिळून प्लास्टिकला बोलतं करतात. प्लास्टिकात कोरडं ठेवावं, थंड ठेवावं. बाकीच्याला चिनी मातीची बरणी."

काका हावड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. प्लास्टिकचे डबे तेव्हा नुकते घरोघर येऊ लागले होते. आम्हा बायकांना त्यांचं भारी अप्रूप, पण काकांना प्रत्येक डबा आरोपी वाटे. चौकशी ठरलेली. डब्यात उकळतं पाणी, वर झाकण, दहा मिनिटं, मग नाक. वास आला की निकाल, "बोलला!" बोललेल्या डब्याची रवानगी खिळे ठेवायला. गडियाहाटच्या फुटपाथवर एकदा दुकानदार वैतागला, "दादा, डिब्बा लेगा, या खाली सूँघेगा?" काका शांतपणे म्हणाले, "पहले सूँघेगा."

एकदा यांनी शिळा भात प्लास्टिकच्या डब्यासकट गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. दोन्ही घरांची दारं बंद असताना काका धावत आले. बरं, हा भात कावळ्यांना घालते, असं मी म्हटलं तर माझ्यावरच डाफरले, "कावळ्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

त्या वर्षी संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू ठरवलं. दोन वर्षांपूर्वीच्या त्यांच्या मोठ्या आजारपणानंतरचं पहिलंच. पंचवीस मराठी बायकांना आमंत्रणं गेली. वाण म्हणून लुटायला काकू एकट्या बाजारात जाऊन लालचुटुक डबे घेऊन आल्या. आदल्या दिवशी सकाळी काकांनी त्यातल्या एकात उकळतं पाणी ओतलं. दहा मिनिटांनी पाणी गुलाबी!

"हे कुणाला द्यायचे नाहीत," काका म्हणाले.

काकू मटकन खाली बसल्या. "इतक्या दिवसांनी बायका घरी येणार, आणि त्यांना रिकाम्या हाताने पाठवू?" त्यांचे डोळे भरून आले.

माझं डोकंच फिरलं. मी काकांना जिन्यात गाठलं. "काका, बायकोच्या हौसेपेक्षा तुमचं नाक मोठं?"

ते गोरेमोरे झाले. मग हळूच म्हणाले, "तिला वास येत नाही, सूनबाई. त्या तापात गेला. दूध नासलं तरी कळत नाही. एकदा विटलेली आमटी खाऊन मरता मरता वाचली. लोक कीव करतील म्हणून कुणाला सांगू देत नाही. आणि हे डबे तर झाकण उघडताच भपकन वास मारतात. बायका हातात घेतील, तोंडं वाकडी करतील, आणि हिला कळणारही नाही का ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी काका परतले, ते मिठाईवाल्याकडून दह्याची कोरी मातीची मडकी टोपलीत भरून. टोपली रिक्षात बसलेली आणि काका रिक्षामागून पायी. प्रत्येक मडकं हुंगून आणलं होतं, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी तिळगुळाने भरलेली ती मडकी बायकांनी कौतुकाने नेली. फोर्ट विल्यमहून आलेल्या मेजरसाहेबांच्या बायकोने तर जाऊबाईंसाठी आणखी एक मागून घेतलं. काकूंचा चेहरा नुसता फुलला होता.

सगळ्या गेल्यावर मी पसारा आवरत होते. काकूंनी उरलेलं एक मडकं पाण्याने ओलं केलं आणि काकांपुढे धरलं.

"सांगा."

काकांनी वास घेतला, डोळे मिटले. "तुझ्या माहेरचं अंगण. सांगलीचं. मी तुला बघायला आलोय. तू नुकताच सडा घातलायस, आणि मला बघून बादली टाकून आत पळतेयस."

काकूंनी मडकं स्वतःच्या नाकाशी नेलं आणि लांब श्वास घेतला.

"हो," त्या म्हणाल्या, "आला."