नऊ प्रोटॉन, एकशे ऐंशी वडापाव

सम्यकने नववीत शाळा सोडली होती, हुशारी नाही! असं तोच सगळ्यांना सांगायचा.

"करंट? अगं, दोन वर्षं वायरिंग करतोय मी! पाच मिनिटांत समजवतो!"

समोर त्याची मामेबहीण मनाली रडकुंडीला आलेली. बारावीला होती, अकरा वाजता कॉलेजात प्रोजेक्ट सांगायचा होता.

"सम्या, अॅक्सिलरेटर म्हणजे प्रोटॉन गोल गोल पळवायचं मशीन. त्याच्या नळीत प्रोटॉन इतके थोडे, मग करंट एवढा कसा? मॅडम हेच विचारणार. गेले माझे पंचवीस मार्क!"

"चल खाली!"

खाली बिल्डिंगची आरोग्यफेरी चाललेली. बिल्डिंगला गोल चालायचं, मग नाश्ता. सेक्रेटरी भीमराजकाका गेटजवळ खुर्ची टाकून, हातात नाश्त्यासाठी माणसं मोजायचं टिकटिक मशीन. चष्मा दुरुस्तीला!

"काका, समोरून कोणी गेलं की एक टिक. चुकायचं नाही!"

"अरे, मी काय चुकतो!"

मग सम्यक चालणाऱ्यांवर ओरडला, "कमलकाकू, जरा जोरात! तुम्ही प्रोटॉन आहात!"

"तूच असशील प्रोटॉन, मेल्या!" काकू उखडल्या, पण सुटल्या रिक्षासारख्या.

टिक, टिक, टिक! काका प्रत्येकाला हौसेने "जय भीम!" करत होते. पंधराव्या फेरीला काकूंकडून नुसतंच "हूंऽऽ" आलं.

वीस फेऱ्या झाल्या. काकांनी मशीन डोळ्यांना चिकटवलं आणि उडालेच! एकशे ऐंशी! सम्यक मनालीशी वाद घालत होता तेवढ्यात त्यांनी वडेवाल्याला फोनही लावला.

अर्ध्या तासात दोन पोरं भलेमोठे टोप घेऊन हजर.

"एकशे ऐंशी वडापाव. कुठे ठेवू?"

"ठेव, ठेव! चला, सगळ्यांनी लाईन लावा!"

लाईन लागली. नऊ माणसांची.

"बाकीचे कुठे गेले?" काका किंचाळले.

"बाकीचे कोण? आम्हीच फिरत होतो!" काकू फुटपाथवर बसून धापा टाकत होत्या.

सम्यकची वाट लागली होती. तेवढ्यात मनालीने उडीच मारली.

"कळलं! माणसं नऊच, पण तीच तीच गेटवरून गेली, म्हणून आकडा मोठा! प्रोटॉनपण तेच तेच फिरतात, सेकंदाला हजारो वेळा! एका जागेवरून सेकंदाला किती चार्ज गेला, तोच करंट!"

"मग मी काय सांगत होतो!" सम्यकने वडापाव तोंडात कोंबला.

"पण एका हद्दीनंतर कितीही एनर्जी दिली तरी करंट वाढत नाही. का रे?"

सम्यकने काकूंकडे पाहिलं. "दमतात गं."

संध्याकाळी मनाली नाचतच आली. पंचवीसपैकी चोवीस! एक मार्क कापून मॅडमनी लाल पेनने लिहिलं होतं, 'वेग प्रकाशाच्या वेगापुढे जात नाही, म्हणून. प्रोटॉन दमत नाहीत.'

सम्यक भडकला. "मॅडमना म्हणावं, एकदा आमच्या बिल्डिंगला वीस फेऱ्या मारून दाखवा!"