साळवे मास्तरांची जड हवा

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी साळवे मास्तर स्टेजच्या मधोमध उभे राहतात, उजव्या हाताचं बोट जिभेला लावतात आणि ते ओलं बोट वर हवेत धरतात. डोळे मिटलेले. समोर दोन-तीनशे माणसं ताटकळलेली. आयोजक घड्याळ बघतोय. मग मास्तर डोळे उघडतात आणि निकाल देतात, "हवा जड हाय. दोन पट्ट्या खाली घ्या."

गेली दोन वर्षं आमच्या शहराची हवा जडच आहे. मे महिन्यात अंगाची लाही होते तेव्हाही जड, डिसेंबरात दात वाजतात तेव्हाही जड. पावसाळ्याचं तर विचारूच नका. एकदा चारी बाजूंनी बंद हॉलमध्ये त्यांनी बोट वर केलं, तेव्हा आमचा कीबोर्डवाला फेरोज वैतागून म्हणाला, "मास्तर, एसी में कायकी जड हवा?"

"एसीची तर लईच जड असती. तीन पट्ट्या खाली घे."

आता फेरोजला काय, तो एक बटण दाबतो आणि कीबोर्ड मुकाट खाली उतरतो. भोगतो मी. मी या ऑर्केस्ट्रातला पुरुष आवाज. दिवसा औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात काम करतो आणि उरलेल्या वेळात मास्तरांची बोलणी खातो. गाण्यातली बाई दोन पट्ट्या खाली आली की पुरुषाला तळघरात जावं लागतं. प्रेमाचं द्वंद्वगीत मी असं गातो की ऐकणाऱ्याला वाटावं, विहिरीत पडलेला माणूस मदत मागतोय. एका लग्नात तर नवरीच्या मामानं माझ्या हातात खोकल्याच्या गोळ्या आणून ठेवल्या. भला माणूस. मी थँक्यू म्हणालो आणि एक चघळलीसुद्धा.

तरी मास्तरांना सोडायचं म्हणजे काय हे इथल्या माणसालाच कळेल. या शहरात ज्याचं लग्न धडपणे झालं, त्याच्या हळदीत साळवे मास्तरांचा ऑर्केस्ट्रा वाजलेला असतो. गणपती आमचे, भीमजयंती आमची, उरूस आमचा, कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या माणसाचा सत्कारही आमचाच. मास्तर ॲकॉर्डियन वाजवतात आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या शकूवहिनी, गातात. वहिनींनी भीमगीताला सुरुवात केली की मागच्या बायका पोरं कडेवर घेऊन पुढं येतात. पुंडलिकनगरात मास्तरांच्या पुढच्या खोलीत आमची तालीम चालते, तेव्हा दारावरून जाणारी भाजीवालीसुद्धा थांबून सांगते, "दुसरं कडवं राह्यलं की वो."

मास्तरांचा स्वभाव मात्र देवा रे! कार्यक्रमाआधी पेरू खायचा नाही, शेंगदाणे खायचे नाहीत. शिंक आली तर स्टेजमागं जाऊन शिंकायचं. कुणाचा एक सूर हलला की सगळ्यांसमोर, "कामून आलास रे? घरी झोपायचं होतं ना." स्वतःचा मात्र कधी हलला नाही, हे ते चहा पिता पिता, टेम्पोत बसता बसता, न विचारता सांगणार. "आजवर एक सूर चुकला नाय हा माणूस!" असं म्हणून स्वतःच्याच छातीवर थाप मारायची. सगळ्यात चीड याची येते की ते खरं आहे.

तर मागच्या हिवाळ्यात चिकलठाण्याच्या एका कंपनीचं स्नेहसंमेलन ठरलं. वर्षातलं आमचं सगळ्यात मोठं काम. त्या कंपनीतल्या एका मोठ्या साहेबांना गाण्याची हौस. त्यांनी फोनवर बघून बघून एक द्वंद्वगीत बसवलं होतं आणि ते त्यांना शकूवहिनींसोबत गायचं होतं. अट एकच, पट्टी ओरिजिनल पाहिजे. दुसऱ्या पट्टीत साहेबांना येत नव्हतं.

मी मनातून उड्या मारत तालमीला गेलो. मास्तर म्हणाले, "साहेबाला सांग, हवा..."

"मास्तर, पुरे झालं!" मी ओरडलोच. "दोन वर्षं मी रेड्यासारखा गातोय. आता मूळ पट्टी, नाहीतर मी निघालो."

वहिनी चहा टाकायला आत गेल्या होत्या. मास्तरांनी माझं मनगट धरून मला पायरीवर आणलं. आवाज इतका बारीक की हाच का तो माणूस असं वाटलं.

"गळ्याच्या ऑपरेशनपासून तिचा वरचा सूर गेला, रमेश. तिला ठावं नाय. ती म्हणती, पहिल्यासारखंच गाती मी."

"मग वरच्या गाण्यांना दुसरी मुलगी घ्या."

"मंग तिला ठावं व्हईल."

"आणि तुमचं काय? ॲकॉर्डियनला काय बटण आहे?"

"नाय. सगळी गाणी नव्यानं बसवली. दुपारची ती झोपली की बसतो." मग लगेच नेहमीचा आवाज लागला, "तू तुझं बघ, तुझं दुसरं कडवं अजून पडतंय!"

मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. असं काही आधी सांगितलं असतं तर मी काय नको म्हणणार होतो? पण नाही. मास्तरांना सगळं जग बेसूर ठरवून एकट्यानं ओझं वाहायचं असतं.

रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. बोट वर झालं, पण साहेब माईक घेऊन तयारच होते. "हवाबिवा काही नाही, ओरिजिनल!" फेरोजनं माझ्याकडं बघितलं, मी मास्तरांकडं. मास्तरांनी मान हलवून होकार दिला.

साहेब बरे गायले. वहिनींनी अंतरा उचलला, पहिली ओळ गेली, दुसरी चढायला लागली. वर जायच्या जागी त्यांचा आवाज जरासा फाटला. नुसता जरासा. आणि तेवढ्यात ॲकॉर्डियन असं काही बोंबललं की पहिल्या रांगेतल्या बाईंनी कानावर हात ठेवले. एक नाही, चार-पाच सूर, सगळेच्या सगळे चुकीचे, एकमेकांवर चढलेले. ढोलकी थांबली, गाणं कोसळलं.

मास्तर माईकपाशी गेले. "मंडळी, माफी असावी. मास्तर चुकले. बोटं वळत नायत आता वरच्या पट्टीत."

हॉल हसला. कुणीतरी शिट्टी मारली. "जरा खाली घेतो, माझ्या सोयीनं," असं म्हणून त्यांनी गाणं पुन्हा सुरू केलं. या वेळी वहिनी सुरेख गायल्या आणि तळघरात साहेब गेले. तो एवढा आनंद सोडला तर माझ्या डोळ्यांत पाणी होतं. निघताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी वाजवणारा दुसरा आणा. म्हाताऱ्याला घरी बसवा आता." मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. मी फक्त "बघतो" म्हणालो.

परतताना टेम्पोत मास्तर पुढं, ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागच्या सीटवर वहिनी आणि मी. वहिनी माझ्या कानाशी आल्या, पण गायिकेचं कुजबुजणं, सगळ्या टेम्पोला ऐकू गेलं.

"रमेश, तू यांच्यावर चिडू नको रे. मला काय कळत नाही व्हय, दोन वर्षं गाणी खाली उतरवतेत ते? बोटं चालत नायत यांची. सांगायची लाज वाटते. म्हणून मी काही बोलत नाही, गाते आपली खालीच. तू पण सांभाळून घे."

मी पुढं बघितलं. मास्तर काचेतून समोरच्या रस्त्याकडं बघत होते. आता या माणसाला सोडून जाणं मला जन्मात जमणार नव्हतं.

वहिनींनी पर्समधून बामची डबी काढली, पुढं वाकल्या आणि मास्तरांचा उजवा हात ओढून घेतला. एकेक बोट धरून त्या चोळू लागल्या. रोज दुपारी नवी पट्टी घोटणारी, ठणठणीत बोटं.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मास्तर म्हणाले. "जरा हळू."