मास्तरांचा डाव आणि जावयाची डबी

"जुन्या कॉम्प्युटरला नवा कीबोर्ड? अहो बाबा, हा तर माझ्या हातचा मळ!"

असं जावईबापू फोनवर म्हणाले आणि तिथेच फसले. पण त्यांचा तरी काय दोष? जगात ज्या विद्येला कोणी विचारत नाही, नेमकी तीच त्यांना येत होती! आजचे कीबोर्ड एक भाषा बोलतात, जुने कॉम्प्युटर दुसरीच. या दोघांच्या मध्ये दुभाष्या म्हणून बसणारी, काड्यापेटीएवढी डबी जावई स्वतःच्या हातांनी बनवत. लग्न झाल्यापासून ही विद्या सासऱ्यांना दाखवायची संधी ते शोधत होते. सासरे म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. जावई काय करतात, असं कोणी विचारलं की ते तोंड वाकडं करून सांगत, "बटणं दाबतात."

आता त्याच मास्तरांचं घोडं बटणापाशी अडलं होतं!

मास्तरांच्या खोलीत एक म्हातारा कॉम्प्युटर होता आणि त्यात बुद्धिबळ. निवृत्त झाल्यापासून मास्तर रोज त्याच्याशी खेळत आणि रोज हरत. काल रात्री मात्र मशीनचा राजा कोपऱ्यात सापडला. आता फक्त एक खेळी, की मात! पण अशी खेळी पारोशाने करायची नसते. म्हणून सकाळी मास्तर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून खुर्चीत बसले. बोट टेकवलं, आणि काही म्हणजे काही झालं नाही.

"बंद करून चालू करू या का?" जावयांनी आल्या आल्या विचारलं.

"खबरदार!" मास्तर कडाडले. "यात डाव साठवता येत नाही. बंद केलात तर माझी सगळी वर्षं पाण्यात!"

फ्यूज उडू नये म्हणून घरात इस्त्री बंद, मिक्सर बंद, गीझर बंद. जावयांबरोबर आलेल्या लेकीने केस वाळवायचं यंत्र हातात घेतलं तर मास्तर दारात आडवे झाले. सासूबाई सकाळीच खोल्या पुसून बहिणीकडे गेल्या होत्या, म्हणून निदान घरातला आरडाओरडा एकाच माणसाचा होता.

जावयांनी जुना कीबोर्ड उचलला, हलवला, कानाला लावला आणि डॉक्टरसारखी मान हलवली. "गेला. वय झालं होतं. याचा प्लग मात्र माझ्या डबीला लागेल."

कच्चकन वायर कापली! मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

चालू मशीनला प्लग लावताना तिघांनीही श्वास रोखला. पडदा जागचा हलला नाही, डाव शाबूत. "जमलं!" जावई ओरडले आणि नव्या कीबोर्डचं बटण दाबलं. वजीरही जागचा हलला नाही.

"डबी बदलतो."

दुसरी डबी आली. मग तिसरी. जावयांचा काळा कीबोर्ड झाला, पांढरा झाला, शेवटी लेकीचा गुलाबी, दिवे लागणारा आला. सगळे दिवे लागले, वजीर ढिम्म! जुन्यात काय होतं ते तरी बघू, म्हणून जावयांनी त्याची सगळी बटणं उपटली. स्प्रिंगा वाटीत भरल्या, काही कपाटाखाली पळाल्या. मेलेल्याला आणखी काय दुखणार?

"जावईबापू," मास्तर मशीनपुढे वाकून म्हणाले, "हे समोर गोल भोक कसलं हो?"

"हवा खेळायला असतं," जावयांनी वर न बघता, अधिकारवाणीने सांगितलं.

संध्याकाळी सासूबाई परतल्या आणि दारातच थबकल्या. "हा काय बाजार मांडलाय?"

"मेला गं तो!" मास्तर रडकुंडीला आले होते.

"कोण मेलं?"

"कीबोर्ड!"

"मेला कसला! कुलूप लावलंय मी त्याला."

सासूबाईंनी किल्ल्यांचा जुडगा काढला. "फडका मारताना रोजच लावते. चुकून एखादी कळ दाबली गेली आणि तुम्ही हरलात, की खापर माझ्या डोक्यावर! आज घाईत उघडायचं राहिलं." त्यांनी गोल भोकात किल्ली घातली आणि फिरवली.

"खेळली हवा," लेक म्हणाली.

मास्तरांनी गुलाबी बटणं दाबली. वजीर सरकला. मात! "हरवला! लेकाला हरवला!" मास्तर खुर्चीतून उडाले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आनंदाच्या भरात त्यांनी जावयाला मिठीच मारली. जावयांचीही छाती वीतभर फुगली.

"बघा बाबा! माझी पहिलीच डबी बरोबर होती!"

"होती ना? शाब्बास! आता ही सर्कस उचला आणि माझा जुना कीबोर्ड जोडून द्या."

जावयांनी कापलेल्या वायरीकडे पाहिलं. मग स्प्रिंगांच्या वाटीकडे पाहिलं. मग घसा खाकरून, होता नव्हता तेवढा अभिमान गोळा करून ते म्हणाले, "बाबा, आता माझ्या डबीशिवाय तुमचं चालायचंच नाही!"

तेव्हापासून मास्तर आल्यागेल्याला तो गुलाबी कीबोर्ड कौतुकाने दाखवतात. आणि जावई काय करतात, असं कोणी विचारलं तर आता "बटणं दाबतात" म्हणत नाहीत. "बटणं उपटतात," म्हणतात.

जावई ही बढतीच समजतात.