बर्वेकाकांनी सही केलीय

लंडनमध्ये एजवेअरला माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहणारे बर्वेकाका वाणसामानाची यादीसुद्धा फाडून टाकायचे. चिठ्ठीत असायचं काय, तर दूध, बटाटे आणि जिरं. पण तिचे चार तुकडे करून दोन एका कचरापेटीत, आणि उरलेले दोन थेट पुढच्या बसस्टॉपवरच्या पेटीत. आज जेवायला काय होतं असं विचारलं, तरी डोळे बारीक करून म्हणायचे, "ते विचारू नकोस. सही केलीय मी."

ही सही तरुणपणाची. आफ्रिकेतल्या एका ब्रिटिश वसाहतीत काका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. दंगे हाताबाहेर गेलेच, तर बोटीतून कुणाकुणाला बाहेर काढायचं, त्याची गुप्त यादी त्यांनी टाइप केली होती. बाहेर ब्र काढणार नाही, असं लिहून दिलं होतं. बोटी काही निघाल्या नाहीत. दंगे शमले आणि पुढे काका-काकू इंग्लंडला आले. पण काकूंच्या मनातून ते गेलं नाही.

"गावात घरं जळत होती," काकू मला सांगायच्या, "आणि हे मुकाट्यानं जेवायचे. एवढंच विचारलं, त्या यादीत मी आहे का? तर म्हणे सही केलीय!"

"फाइल उघडू दे, मग सांगतो," काका म्हणायचे. अशी चाळीस वर्षं गेली.

शेवटी सरकारनं ती फाइल खुली केली. मी बेसिंगस्टोकच्या ऑफिसातून सुट्टी काढून काकांना गाडीनं दफ्तरखान्यात नेलं. त्यांनी आधी गाडीतला रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह बंद करायला लावला. आपण कुठे चाललोय ते त्या बाईला कशाला कळायला हवं?

वाटेत मात्र ते एकदम बोलायला लागले. "यादीत साहेब, मग मडमा, मग त्यांचे कुत्रे, नावानिशी. आपल्यातलं कुणीच नाही. कुत्र्यांच्या खाली एक ओळ मोकळी होती रे. तिथे मी हिचं नाव घातलं."

"आणि तुमचं?"

"ओळ एकच होती."

फाइलीत ते पान सापडलं. कुत्र्यांच्या खाली काकूंचं नाव होतं, आणि त्यावर लाल शाईची सरळ रेघ. कुत्रा एकही खोडलेला नव्हता. टायपिस्टला त्याबद्दल कुणी कधी एका शब्दानं विचारलंही नव्हतं. मला इतका संताप आला की ते पान फाडावंसं वाटलं. काका त्या रेघेवरून हलकेच बोट फिरवत राहिले.

"फोटोकॉपी काढू?"

"नको," म्हणाले, आणि फाइल बंद करून तिची नाडी स्वतःच बांधली.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. "काय हो, होते का मी?"

"होतीस. पहिल्याच बोटीत."

"अगं बाई! एवढं सांगायला चाळीस वर्षं?" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग माझ्याकडे वळल्या. "तू पाहिलंस ना रे?"

"पाहिलं काकू. स्वच्छ टाइप केलंय तुमचं नाव."

काका खाली वाकून बुटाची नाडी सोडत होते. ती केव्हाच सुटली होती.