फुली म्हणजे नको

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला किती विषय घ्यावेत, हे थोरलीइतकं नीट ठरवून आजवर कुणी प्रवेश घेतला नसेल. निदान धाकट्या भावाला तिने तसं तीनदा सांगितलं. बारा विषयांतून चार. आठला वर्ग सुरू, बाराच्या आत संपले, आणि एक वाजता ती चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे हजर. अडतिसाव्या वर्षी शिकायला बसणाऱ्या माणसाने हावरटपणा करू नये, असं तिचं मत होतं.

"अठरा वर्षांची पोरं सहा-सहा विषय घेतात, ताई," धाकटा म्हणाला.

"त्यांचे गुडघे वेगळे."

दुकानाच्या मालकीणबाईंनी तिला शिकायची परवानगी दिली होती, पण एका अटीवर. "एक म्हणजे एक. एक वाजून पाच मिनिटांनी उगवलीस, तर दप्तर घेऊन तिकडेच बस कायमची." बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. गिऱ्हाइकाला जवळचं दिसत नाही हेसुद्धा त्या तोंडावर सांगत.

फॉर्मवर बारा विषय होते, प्रत्येकासमोर एक रिकामा चौकोन, आणि वर मुंगीएवढ्या अक्षरात सूचना: 'विषयांची निवड फुलीने दर्शवावी.' थोरलीने लाल पेन्सिल घेतली, आठ चौकोनांत ठसठशीत फुल्या मारल्या, चार चौकोन स्वच्छ ठेवले आणि फॉर्म देऊन आली.

यात आपलं काही चुकलं, असं तिला पुढेही फारसं वाटलं नाही. तिचे बाबा कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. कपाचा कान वाकडा दिसला, की बुडाला लाल फुली. चांगल्या कपाला काहीच करायचं नाही. अशी तीस वर्षं गेली, आणि हळूहळू कारखान्याचा कायदा घरात शिरला. कॅलेंडरवर फुली असली, की त्या दिवशी कुणी घरी यायचं नाही. धाकट्याच्या प्रगतिपुस्तकावर एकदा सहीच्या जागी फुली पडली, तेव्हा तो दोन दिवस ताटावर मान खाली घालून जेवला होता. बाबा जाऊन आता चार महिने झाले होते. त्यांची लाल पेन्सिल अजून फोनशेजारीच असायची.

सोमवारी वेळापत्रक हातात आलं. आठ विषय. एकूण एक, तिने नाकारलेले. बुधवारी अकरा वाजता तिने दोन वेगवेगळ्या इमारतींत एकाच वेळी बसायचं होतं, आणि रोज दुपारी एक वाजता तिसऱ्याच इमारतीत.

धाकट्याने कागद उलटसुलट करून वाचला. "भूगर्भशास्त्र. कुठवर खाली जायचा विचार आहे?"

ती तडक कॉलेजच्या कचेरीत गेली. खिडकीमागे बसलेल्या कारकुनाने तिचा फॉर्म काढला आणि तिच्यासमोर धरला.

"आठ घेतलेत तुम्ही."

"मी आठ सोडलेत."

"या फुल्या कुणाच्या?"

"माझ्याच."

"मग?"

"फुली म्हणजे नको."

"कुणाकडे?"

"आमच्याकडे."

कारकुनाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तुमच्याकडे मान हलवतात ती होकाराची की नकाराची, असं विचारावं की काय, हे तो ठरवत असावा. शेवटी त्याने एक कोरा तक्ता सरकवला. "तुमचे चार विषय मी चढवतो, जागा आहेत. पण हे आठ काढायचे, तर आठही शिक्षकांच्या सह्या लागतील. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. नाही मिळाल्या, तर बारा विषय होतील तुमचे."

"बारा?"

"आजवर कुणाचे झाले नाहीत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात किंचित आदर होता.

थोरली सह्या गोळा करायला निघाली. पाच जणांनी तिच्याकडे न बघताच सही केली, याचं तिला थोडं वाईटही वाटलं. संख्याशास्त्राचे सर मात्र भलतेच रंगले. पहिल्याच दिवशी आठ विषय सोडणारी विद्यार्थिनी त्यांच्या कुठल्याच आलेखात बसेना. त्यांनी तिचं वय, उंची आणि घरापासूनचं अंतर लिहून घेतलं आणि मगच पेन उघडलं. भूगर्भशास्त्राच्या बाईंच्या वर्गात तिला धरून चारच मुलं होती. त्यांनी तिच्या हातात एक दगड दिला.

"हा तीस कोटी वर्षांचा आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला एक वर्ष थांबवत नाही?"

"मला एक वाजता दुकानात जायचं असतं."

बाईंनी सही केली, पण दगड परत घेतला नाही.

अशा सात सह्या झाल्या. शुक्रवारी सकाळी दहाला तिने तक्ता खिडकीत दिला. कारकुनाने सात विषय काढून टाकले. "आठवी सही बाराच्या आत," तो म्हणाला. "नाट्य राहिलंय."

नाट्याचे सर सभागृहात होते आणि भयंकर चिंतेत होते. "आलात? बरं झालं. मला मृतदेह हवाय."

"सर, मी सहीसाठी..."

"करतो की. एका तालमीपुरतं पडून द्या. कुणी पोरगी तयार नाही. ज्या तयार होतात, त्यांना हसू फुटतं." त्यांनी तिला जरा निरखलं. "कुणाला शेवटचं जवळून पाहिलंय?"

"हो."

"मग मी काही शिकवायला नको."

ती फळकुटांच्या पलंगावर आडवी झाली. अंगावर चादर आली. भोवती पाच मुलं उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने रडू लागली. एक जण केस उपटत होता. इतकं कुणी रडत नाही, थोरलीला वाटलं. बाबा गेले, तेव्हा धाकट्याने डॉक्टरांना खुर्ची दिली आणि स्वतः फरशीवर बसला. ती उभीच राहिली. बोललं कुणीच नाही. तेव्हापासून तिची झोप म्हणजे नुसतंच उशीला टेकलेलं डोकं होतं.

इथे मात्र तिच्या वाटचं सगळं रडणं दुसरेच करत होते. तिने फक्त पडून राहायचं होतं. तिने हात सैल सोडले.

जाग आली, तेव्हा सभागृहाच्या घड्याळात बारा वीस झाले होते. समोर सर खुर्चीत बसून भारावून बघत होते. "मधेच उठवावंसं वाटेना," ते म्हणाले. "तीन वेळा तालीम झाली. हलला नाहीत. असा संयम मी पाहिलेला नाही."

ती चपला हातात घेऊन धावली. खिडकी बंद होती. तिने काच वाजवली, तेव्हा कारकुनाने डब्यातून मान वर केली आणि फट उघडली.

"नाट्य राहिलं," तो म्हणाला. "तुमचे चार आणि हा एक, पाच झाले. मंगळवार, शुक्रवार, साडेदहा ते बारा. झेपेल?"

तिने मनातल्या मनात हिशेब केला. त्या दोन दिवशी बाकीचे वर्ग दहालाच संपत. बारा ते एक, दुकानापर्यंत वीस मिनिटं. झेपत होतं.

"तिथे मला काय करायचं असतं?"

त्याने कागद पाहिला. "यंदा तरी पडून राहायचंय म्हणे."

"मग राहू दे," थोरली म्हणाली.

ती एकला पाच कमी असताना काउंटरमागे उभी होती. मालकीणबाईंनी घड्याळ पाहिलं, मग तिचा चेहरा. "आज बरी दिसतेस. काय शिकलीस?"

"संयम," ती म्हणाली.

सत्राअखेर निकाल लागला. पाचही विषयांत ती पास झाली, आणि दुकानात एकदाही उशीर झाला नाही. धाकट्याने गुणपत्रिका मोठ्याने वाचली. इतिहास चांगला, भाषा चांगली, बाकी दोन बेतास बात. नाट्यात पाच गुण कापले होते, आणि खाली सरांच्या सुंदर अक्षरात शेरा होता: 'प्रेताने घोरू नये.'