रानगाडीचं मागचं दार

माठ कुठे टांगायचा यावरून निघायच्या आधीच वाद झाला.

"आत ठेव ना गा," शालिकरामचा मित्र चंपतराव म्हणाला. "समोर कायले टांगतं?"

"आत पाणी थंड कसं राहीन? हवा लागली पाहिजे त्याले," शालिकराम म्हणाला, आणि सुतळीचं शिंकं करून त्याने माठ जीपच्या पुढच्या गार्डला टांगला.

माठाचं कारण बरोबर होतं. बाकीच्या गोष्टींचीही कारणं बरोबर होती. जीपच्या मागे जोडलेली रानगाडी पांढरीशुभ्र रंगवली होती, कारण नागपूरच्या मे महिन्यात दुसरा रंग लावणारा माणूस आत शिजून मरेल. लांबट पेटीसारखी होती, कारण आत एक गादी आणि चूल एवढंच मावायला हवं होतं. जिथे जायचं होतं त्या तळ्यावर ताडपत्रीची सावली करायची म्हणून टपावर दोन हिरवे बांबू लांबीने बांधले होते, आणि ते सरकू नयेत म्हणून मधे आडव्या कामट्या. सकाळीच पूजा झाल्यामुळे झेंडूचे हार होते. चंपतरावाने हौसेने मूठभर गुलाल उधळला होता आणि अगरबत्त्यांचा अख्खा जुडगा मागच्या कोपऱ्यात खोचला होता. ऊन लागू नये म्हणून दोघांनी डोक्याला पांढरे दुपट्टे गुंडाळले होते.

तांडापेठेतल्या गल्लीत कोणाला काही वाटलं नाही. त्यांनी ही गाडी वर्षभर वेल्डिंग होताना पाहिली होती. शालिकरामचा बाप जिथे हातमागावर बसायचा तिथेच शालिकरामने वेल्डिंगचं दुकान थाटलं होतं. भंगारातल्या जीपचा अॅक्सल, ट्रॉलीचे स्प्रिंगचे पाटे, जुने जाड टायर, सगळं त्याने एकेक करून जमवलं होतं.

कल्पना मात्र त्याची नव्हती. त्याच्या बायकोने, कुसुमावतीने, एकदा मोबाइलवर पाहिलं होतं, नवराबायको जंगलात असली गाडी नेतात, तिथेच रांधतात, तिथेच झोपतात. "आपण बी करू," ती म्हणाली होती. "तुमच्यापाशी लोखंड हाय, माह्यापाशी भांडे हायत." कुठे जायचं तेही तिने ठरवलं होतं. भिवापूरच्या पलीकडे एक तळं होतं. लहानपणी मावशीकडे गेली की ती तिथे पोहायची. सडकेपासून आत नुसते दगड आणि नाला, म्हणून लग्नानंतर जाणं झालं नव्हतं.

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि ती दवाखान्यातून परत आली नाही. शालिकराम स्वतः तापाने घरात बंद होता. कोणी आलं नाही, येऊ देत नव्हते. तिला कोणी नेलं तेही त्याला नीट कळलं नाही. त्यानंतर गॅसवाल्याने "काकू कुठं हाय?" असं विचारलं की तो "आत हाय" म्हणायचा. भाजीवाल्याला "आत हाय". कुसुम गेली, हे दोन शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. तळ्यावर एक रात्र काढली की निघतील, असं त्याला वाटत होतं. म्हणून गादीवर त्याने दोन उशा ठेवल्या होत्या.

आणि गाडीचं मागचं दार त्याने नवं केलं नव्हतं. स्वयंपाकघर आणि दुकान यांच्या मधलं पत्र्याचं दारच काढून बसवलं होतं. ग्राइंडर चालू असला की कुसुमची हाक ऐकू येत नसे. मग ती पळीने त्या दारावर ठोकायची. ठक ठक, जरा थांबून, ठक. म्हणजे ताट वाढलं. पत्र्याला तिथे पोचे पडले होते. त्यांच्यावर त्याने रंगही दिला नव्हता.

नवं वेल्डिंग तपासायचं म्हणून शालिकराम दोन्ही बाजूंचे लाल दिवे लुकलुकत ठेवून सायकलच्या वेगाने निघाला.

उमरेडच्या रस्त्याला लागल्यावर चंपतराव पुन्हापुन्हा मागे वळून पाहायला लागला.

"शालिक, रस्ता मोकळा होऊन राहिला," तो म्हणाला.

खरंच होत होता. समोरचे ट्रक बाजूला सरत होते. चौकातल्या पोलिसाने सगळी वाहनं अडवून त्यांना वाट दिली आणि टोपी काढली. बसथांब्यावर बडबडत्या बाया एकदम थांबल्या आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतले. मागे मोटारसायकलींची रांग लागली होती, पण एकही पुढे जात नव्हती आणि कोणी हॉर्नही वाजवत नव्हतं.

"लोक चांगले हायत," शालिकराम म्हणाला.

"आपले लोक इतके चांगले कधीपासून झाले? आन पाह्य तं, ते आपल्याले नाई पाहून राहिले. मागं पाहून राहिले."

"गाडी नवी हाय, म्हणून पाहतात."

"मग हात काहून जोडतात?"

शालिकरामने आरशात पाहिलं. आरशात फक्त पांढरी पेटी दिसत होती आणि तिच्या कडेने वर जाणारा अगरबत्तीचा धूर.

पुढे ते एका टपरीवर चहाला थांबले. चहावाल्याने मोबाइलवरचं गाणं बंद केलं. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. चहावाल्याने दोन्ही हातांनी कप दिला.

"दम धरा काका," तो म्हणाला.

"धरूनच हाय," शालिकराम म्हणाला. "पहिल्यांदाच निघालो. टिकते का नाई ते पाहायचं."

चहावाल्याला भरून आलं. "कुठपर्यंत नेता?"

"तळ्यापर्यंत. रातभर तिथंच राहू."

"रातभर?"

"मंग. आत गादी टाकली हाय. दोघांपुरती."

"तुमी आत झोपणार?"

"घरची गादी हाय बावा. तिच्याशिवाय मले झोप नाई लागत."

चहावाला पाऊल पाऊल मागे गेला. पैसे घ्यायला काही तो पुढे आला नाही. चंपतरावाचा चहा कपातच राहिला. "हा माणूस तुले घाबरला," जीपमध्ये बसताना तो म्हणाला, "आन आता मी बी घाबरून राहिलो."

भिवापूर सोडल्यावर ते कच्च्या रस्त्याला लागले. दुपार झाली होती. दोन्हीकडे मिरची तोडून उलंगवाडी झालेली रिकामी वावरं, पाखरूसुद्धा नाही. जीप दगडांवरून हलायला लागली आणि तेव्हाच मागून आवाज आला.

ठक ठक. मग थांबून, ठक.

शालिकरामचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"काय होतं गा ते?" चंपतरावाने विचारलं.

"दार. ढिलं झालं असन."

तो उतरून मागे गेला. कडी पक्की होती, दार घट्ट होतं, हाताने ओढूनही वाजत नव्हतं. तो परत येऊन बसला. जीप हलली, तसा पुन्हा आवाज आला. चंपतरावाने खिशातून जानकीमातेची की कुठली तरी तसबीर काढली आणि छातीशी धरली. शालिकराम तशीच गाडी हाकत राहिला. त्याला भूक लागली होती. कितीतरी दिवसांत त्याला अशी भूक लागली नव्हती.

तळ्याच्या अलीकडे एक लहान गाव होतं. पहिल्या घराशी पोचेपर्यंत ओट्यावरची माणसं उठून रस्त्यात आली होती. गडीमाणसांनी खांद्यावर दुपट्टे टाकले. एका म्हाताऱ्या बाईने जीपच्या पुढे तांब्याभर पाणी ओतलं. तिच्यामागे काठी टेकत तिचा नवरा आला. गाडी थांबवावीच लागली.

"मी अंजनाबाई," म्हातारी खिडकीशी येऊन म्हणाली. "हे आमचे घरचे, आनंदराव. कोण गेलं गा बावा?"

शालिकरामने समोर पाहिलं. गार्डला लोंबणारा माठ. आरशात पाहिलं. पांढरी पेटी, झेंडूचे हार, गुलाल, हिरवे बांबू आणि त्यांना आडव्या बांधलेल्या कामट्या. सकाळपासून सगळं जग जे पाहत होतं ते त्याला आत्ता दिसलं. चंपतरावालाही दिसलं असावं, कारण त्याने हळूच डोक्याचा दुपट्टा काढून मांडीखाली दडपला.

सांगायचं एवढंच होतं की बाई, ही फिरायची गाडी आहे. तेवढ्यासाठी त्याने तोंड उघडलं.

"कुसुम गेली," तो म्हणाला. "माही बायको. कुसुमावती."

"म्हणजे सवाशीण गेली," अंजनाबाई म्हणाली. "थांब. कुंकू लावल्याशिवाय गावातून पुढं नाई जाऊ द्यायची."

"बाई, आयका," चंपतराव म्हणाला, पण तोवर हळदीकुंकवाची वाटी आली होती, कोणी तरी हिरवं लुगडं आणलं होतं, आणि सगळे मागच्या दाराशी जमले होते. शालिकराम उतरला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने कडी काढली.

आत स्वच्छ गादी होती. दोन उशा, चूल, भांडी, फडक्यात घट्ट गुंडाळून खाली ठेवलेली पळी.

मागे उभे असलेले लोक पुढे वाकून पाहायला लागले.

"बाई कुठं हाय?" आनंदरावाने विचारलं.

शालिकरामने सांगितलं. लाट सांगितली, दवाखाना सांगितला, बंद दार सांगितलं. तळ्याचंही सांगितलं. "कोणी आलं नाई," तो शेवटी म्हणाला. "माह्यानं बी जाणं नाई झालं."

आता मार पडणार, या अंदाजाने चंपतराव जीपच्या पलीकडच्या बाजूला सरकला.

अंजनाबाई कुंकवाची वाटी धरून तशीच उभी होती. "आमचा थोरला बी तसाच गेला," ती म्हणाली. "प्लास्टिकात. नागपूरले. आमाले राख बी नाई दावली." मग तिने वाकून, दोनपैकी ज्या उशीवर खळगा पडला नव्हता, त्या उशीला कुंकू लावलं.

"मंग थांबले काहून?" आनंदराव लोकांवर खेकसला. "ऊन तापून राहिलं. समोर नाला हाय, एकट्या माणसाच्यानं गाडी नाई निघत तिथून."

जीप पुढे, रानगाडी मागे आणि सगळं गाव तिच्या मागे, असे ते निघाले. नाल्यात वाळू होती. जीप निघाली, पण रानगाडीचं एक चाक पाट्यापर्यंत रुतलं. आनंदरावाने काठीने इशारा केला तशी माणसं वाळूत उतरली आणि त्यांनी पेटीला खांदे लावले. शालिकरामने जीप चंपतरावाच्या हातात दिली आणि खाली उतरला. उजवीकडची पुढची जागा कोणीही न सांगता मोकळी झाली. त्याने खांदा लावला. पत्रा तापला होता. सगळ्यांनी एकदम जोर केला आणि कुसुमावतीची गाडी नाल्याबाहेर आली.

तळ्यावर ताडपत्री बांधली गेली. गावातून भाकरी, पिठलं आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा आला. "मयतीनंतरचा कडू घास हाय, खाल्लाच पायजे," अंजनाबाई म्हणाली. शालिकरामने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थांबेना. खांदे हलायला लागले, पुढचं ताट दिसेनासं झालं.

"ठेचा लागला त्याले," आनंदराव बाकीच्यांना म्हणाला. "पाहू नका त्याच्याकडं. आपापलं जेवा."

बाकीच्यांनाही ठेचा लागलेला दिसत होता. अंजनाबाईने तर ठेचा घेतलाच नव्हता.

ऊन कलल्यावर लोक परत गेले. तळ्याचं पाणी काळसर झालं. शालिकराम चुलीपाशी उरलेलं पिठलं गरम करत होता, चंपतराव काटक्या मोडत होता. आणि गाडीतून आवाज आला.

ठक ठक. थांबून, ठक.

चंपतरावाच्या हातातली काटकी पडली. गाडी तर उभी होती. शालिकराम उठला, चालत गेला आणि त्याने दार उघडलं.

आत आनंदराव हात छातीवर ठेवून सरळ पडला होता. त्याने एक डोळा उघडला.

"माप पाहाले चढलो होतो," तो म्हणाला. "बराबर हाय. पाय बी पुरतात. आमच्या गावात अशी गाडी कधी आलीच नाई. तुमचा नंबर देऊन ठेवा. घाई नाई काही, पोरगा फोन करीन."

चंपतरावाने मोठा श्वास सोडला. "आजोबा, दार ठोकून जीव घेतला ना तुमी."

"मी?" आनंदराव उठून बसला. "मी तं झोपलो होतो. मलेच विचाराचं होतं, कोण ठोकून राहिलं होतं? झोप मोडली."

चंपतरावाने शालिकरामकडे पाहिलं. शालिकरामने कुंकू लावलेली उशी जरा सरळ केली आणि म्हाताऱ्याला उतरायला हात दिला.

"जेवाले बोलावून राहिली," तो म्हणाला. "चला, पिठलं गरम झालं असन."